लाकडी घरांचे पुनरागमन आणि अल्प-कार्बन बांधकाम : स्वीडनच्या अनुभवाच्या आधारे एक विवेचन

सारांश

सिमेंट व पोलाद यांच्या उत्पादनातून होणारे कार्बन उत्सर्जन कमी करण्याचा एक मार्ग म्हणून लाकडी बांधकामाकडे पाहिले जाते. स्वीडनमध्ये दोन मजल्यांपेक्षा उंच लाकडी इमारतींवर सुमारे १२० वर्षे बंदी होती. ती १९९४ साली उठली आणि त्यानंतर तेथे बहुमजली लाकडी घरांचा विकास झाला. या अनुभवाच्या आधारे लाकडी घराच्या कार्बन-हिशेबाची रीत, त्यामागील तंत्र, त्याचे धोके आणि जंगलावर पडणारा भार यांची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे. लाकूड स्वभावतःच अल्प-कार्बन असते असे नाही; ते तसे ठरण्यासाठी जंगल, कारखाना, बांधकाम आणि इमारतीचे आयुष्य या चारही टप्प्यांवर काही अटी पूर्ण व्हाव्या लागतात, असा या विवेचनाचा निष्कर्ष आहे.

बीजशब्द : लाकडी घरे, अंगभूत कार्बन, थरबंद लाकूड, वनव्यवस्थापन, स्वीडन, वेक्शो.

प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या तीन मूलभूत गरजा मानल्या जातात. त्यांपैकी निवाऱ्याचा पर्यावरणावर पडणारा भार दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२१ साली ऊर्जावापर आणि औद्योगिक प्रक्रिया यांतून जगभर जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, त्यापैकी सुमारे ३७ टक्के वाटा इमारतींचा वापर आणि बांधकाम यांचा होता. यातील मोठा भाग दिवे, उष्णता, वातानुकूलन यांसाठी लागणाऱ्या ऊर्जेचा असला, तरी उरलेला भाग सिमेंट, पोलाद, काच, ॲल्युमिनियम, विटा या साहित्याच्या उत्पादनातून येतो.

इमारतीचा वीजवापर कमी करण्याचे उपाय आज पुष्कळ उपलब्ध आहेत. परंतु घरात राहायला जाण्यापूर्वीच जे उत्सर्जन होऊन गेलेले असते, ते नंतर कोणत्याही उपायाने परत घेता येत नाही. या उत्सर्जनाला 'अंगभूत कार्बन' असे म्हणतात. ते कमी करण्याच्या प्रयत्नांतून लाकूड हे प्राचीन साहित्य गेल्या तीन दशकांत पुन्हा चर्चेत आले. ही चर्चा समजून घेण्यासाठी स्वीडन हे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. लाकडावरील कायदेशीर बंदी, तिचे निर्मूलन, नव्या तंत्राचा स्वीकार आणि जंगलाविषयीचा वाद या सर्व अवस्था या एकाच देशात स्पष्टपणे पाहावयास मिळतात.

सिमेंट, पोलाद आणि लाकूड : कार्बनच्या दृष्टीने मूलभूत फरक

सिमेंटच्या उत्सर्जनाचे कारण केवळ भट्टीतील इंधन नव्हे. चुनखडी तापविली असता तिचे विघटन होऊन चुना तयार होतो आणि खडकात बद्ध असलेला कार्बन डायऑक्साइड मुक्त होतो. एक टन क्लिंकर तयार होताना केवळ या रासायनिक क्रियेतून अर्ध्या टनाहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टी सौरऊर्जेवर चालविली तरी हा भाग टळत नाही. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्क्यांच्या घरात आहे, आणि पोलाद उद्योगाचा वाटाही साधारण तेवढाच आहे.

लाकडाची घडण याच्या उलट दिशेने होते. झाड वाढताना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि त्यातील कार्बन खोडात साठवते. पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बन असतो. स्प्रूस किंवा पाइन या सूचिपर्णी वृक्षांच्या एक घनमीटर लाकडाचे कोरडे वजन ४५० किलोग्रॅम धरल्यास त्यात सुमारे २२५ किलोग्रॅम कार्बन असतो. कार्बन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या वजनांचे गुणोत्तर १२ : ४४ असल्याने हा साठा सुमारे ८२५ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा ठरतो. घर उभे असेपर्यंत हा कार्बन भिंतींत व तुळयांत बंदिस्त राहतो. लाकूड जळाले किंवा कुजले की तो पुन्हा हवेत जातो.

यावरून लाकडी घराचे दोन स्वतंत्र लाभ दिसून येतात. पहिला लाभ साठवणुकीचा. दुसरा लाभ पर्यायाचा, म्हणजे लाकूड वापरल्यामुळे जे सिमेंट व पोलाद वापरावे लागले नाही त्याचे टळलेले उत्सर्जन. हे दोन्ही लाभ वेगवेगळ्या स्वरूपाचे आहेत. साठवणूक तात्पुरती असते. टळलेले उत्सर्जन कायमचे असते, परंतु ते प्रत्यक्ष मोजता येत नाही, तुलनेनेच ठरवावे लागते. लाकडी बांधकामाविषयीचे बहुतेक मतभेद या दोन लाभांची गल्लत केल्याने निर्माण होतात.

बंदीपासून पुनरागमनापर्यंत : स्वीडनचा इतिहास

स्वीडनच्या भूभागाचा सुमारे ७० टक्के भाग जंगलाने व्यापलेला आहे. साहजिकच तेथील नगरे शतकानुशतके लाकडाची होती आणि ती वारंवार जळतही होती. १८७४ सालच्या नगररचनाविषयक बांधकाम नियमांनी शहरांत दोनहून अधिक मजल्यांच्या लाकडी घरांना मनाई केली. या बंदीमागील भीती निराधार नव्हती. २५ जून १८८८ या एकाच दिवशी सुंडस्वाल आणि उमेओ ही दोन शहरे आगीत बेचिराख झाली. सुंडस्वालचा मध्यभाग पुढे दगड-विटांनी नव्याने बांधण्यात आला आणि आजही तो 'दगडी शहर' या नावाने ओळखला जातो.

बंदी असली तरी लाकडाचा मोह सुटला नव्हता. गोथेनबर्ग शहरात १८७० च्या दशकापासून कामगारांसाठी बांधलेल्या घरांत तळमजला विटांचा आणि वरचे दोन मजले लाकडाचे, अशी रचना रूढ झाली. तीन मजले उभे राहत, आणि लाकडाचे मात्र दोनच असत! प्रांताच्या राज्यपालांनी या युक्तीला मान्यता दिल्याने ही घरे 'राज्यपाल घरे' या नावाने प्रसिद्ध झाली. एकमजली-दुमजली स्वतंत्र घरे तर देशभर लाकडाचीच होत राहिली. परंतु शहरी बहुमजली इमारतींचे क्षेत्र विसाव्या शतकात पूर्णपणे वीट व काँक्रीट यांच्याकडे गेले.

१९९४ साली परिस्थिती बदलली. यूरोपीय संघातील प्रवेशाच्या पार्श्वभूमीवर स्वीडनने बांधकामाचे नियम साहित्यावर आधारित न ठेवता कार्यक्षमतेवर आधारित केले. 'अमुक साहित्य वापरू नये' या नियमाच्या जागी 'भिंतीने इतका वेळ आगीला तोंड दिले पाहिजे' असा निकष आला. निकष पूर्ण करणारे लाकूडही ग्राह्य ठरले. कायद्याच्या भाषेतील हा बदल वरवर लहान दिसतो. परंतु १२० वर्षांची कोंडी त्यानेच फोडली.

दोन वर्षांनी, १९९६ साली, दक्षिण स्वीडनमधील वेक्शो शहरात वेलुद्दन नावाची चार मजली, १६ सदनिकांची लाकडी चौकटीची इमारत उभी राहिली. तिचे महत्त्व उंचीमुळे नव्हे तर अभ्यासामुळे आहे. लेइफ गुस्तावसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची तुलना तशाच आकाराच्या, तशाच उपयोगाच्या कल्पित काँक्रीट इमारतीशी केली. स्वीडन व फिनलंडमधील इमारतींवर आधारलेल्या त्यांच्या २००६ सालच्या शोधनिबंधानुसार, लाकडी चौकटीच्या इमारतीचे उत्सर्जन काँक्रीटच्या इमारतीपेक्षा दर चौरस मीटर क्षेत्रफळामागे ३० ते १३० किलोग्रॅम कार्बनने कमी ठरते. या आकड्याचा पल्ला लक्षात घेण्याजोगा आहे. मोडतोडीनंतर लाकडाचे काय होणार, करवतीच्या कारखान्यातील भुसा व ढलपे कोणत्या इंधनाची जागा घेणार, यांसारख्या गृहीतकांवर उत्तर चौपटीहून अधिक बदलते. लाकडाचा लाभ दोन्ही टोकांना टिकतो. मात्र तो किती, हे लाकडाच्या पुढच्या प्रवासावर अवलंबून राहते.

अभियांत्रिकी लाकूड : तंत्राची घडण

उंच लाकडी इमारत केवळ नियम बदलल्याने शक्य झाली नाही. नैसर्गिक लाकडाला गाठी असतात, ते आक्रसते, पिळवटते आणि त्याची लांबी-रुंदी झाडाच्या आकारापुरती मर्यादित असते. या मर्यादा ओलांडण्याचा मार्ग म्हणजे लाकडाच्या लहान फळ्या चिकटवून मोठा घटक तयार करणे. जर्मनीतील ऑटो हेट्झर यांनी १९०६ साली चिकटवलेल्या फळ्यांच्या वक्र तुळईचे एकस्व मिळविले. एकाच दिशेने फळ्या रचून केलेल्या या लाकडाला 'ग्लुलॅम' म्हणतात. खांब व तुळया यांसाठी ते वापरले जाते.

१९९० च्या दशकात ऑस्ट्रिया व जर्मनी येथे पुढचे पाऊल पडले. फळ्यांचा एक थर उभा, त्यावरील थर आडवा, असे तीन, पाच किंवा सात थर काटकोनात चिकटवून मोठे फलक तयार करण्यात आले. या प्रकाराला 'क्रॉस-लॅमिनेटेड टिंबर', संक्षेपाने 'सीएलटी', असे नाव आहे. लाकूड तंतूंच्या दिशेने बळकट व स्थिर असते आणि आडव्या दिशेने फुगते-आक्रसते. थर काटकोनात असल्याने प्रत्येक थर शेजारच्या थराची हालचाल रोखतो, आणि फलक दोन्ही दिशांनी भार वाहू शकतो. ग्राझ तांत्रिक विद्यापीठातील गेरहार्ड शिकहोफर यांच्या संशोधनाने या फलकाच्या गणिताला पाया मिळाला. त्याबद्दल त्यांना २०१९ साली मार्कुस वालेनबर्ग पुरस्कार देण्यात आला.

या तंत्राचा आर्थिक परिणामही महत्त्वाचा आहे. दारे-खिडक्यांच्या जागा कारखान्यातच कापून फलक बांधकामस्थळी आणले जातात आणि मोठ्या स्क्रूंनी जोडले जातात. लाकडाचे वजन समान आकारमानाच्या काँक्रीटच्या सुमारे एक पंचमांश असल्याने पाया हलका करता येतो, वाहतूक कमी होते आणि काँक्रीट पक्के होण्याची वाट पाहावी लागत नाही. लंडनमधील मरे ग्रोव्ह ही नऊ मजली, २९ सदनिकांची इमारत २००९ साली पूर्ण झाली. तिचा तळमजला काँक्रीटचा आणि वरचे आठही मजले सीएलटीचे आहेत. व्हँकुव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या १८ मजली विद्यार्थी वसतिगृहाचा लाकडी सांगाडा २०१६ साली सत्तर दिवसांहून कमी काळात उभा राहिला.

वेक्शो : एका नगराचे धोरण

वेक्शो नगरपालिकेने १९९६ साली खनिज इंधनांपासून मुक्त होण्याचा निर्णय घेतला. त्याआधीच, १९८० पासून, शहरातील सांडविक ऊर्जा केंद्रात जंगलातील लाकडी ढलपे जाळून घरांना उष्णता पुरविली जात होती. बांधकाम हा पुढचा स्वाभाविक टप्पा होता. नगरपालिकेने आपल्या नव्या बांधकामांपैकी २०१५ पर्यंत २५ टक्के आणि २०२० पर्यंत ५० टक्के बांधकामे लाकडाची असावीत असे उद्दिष्ट ठरविले. २०२१ साली सुरू झालेली शहराची नवी इमारतही लाकडी सांगाड्याचीच असून, तिच्यात रेल्वे स्थानक आणि नगरपालिका कार्यालय एकत्र आहेत.

या धोरणाचे सर्वांत अभ्यासलेले फलित म्हणजे २००९ साली पूर्ण झालेला 'लिम्नोलोगेन' हा निवासी प्रकल्प. त्यात आठ मजल्यांच्या चार इमारती आणि १३४ सदनिका आहेत. पहिला मजला काँक्रीटचा व वरचे सात मजले लाकडाचे आहेत. गोथेनबर्गच्या 'राज्यपाल घरां'ची आठवण करून देणारी ही रचना आहे. फरक इतकाच की यामागे आता कायद्यातील पळवाट नसून अभियांत्रिकी कारण आहे. हलक्या इमारतीला वारा उचलू पाहतो, म्हणून खालचा जड मजला तिला पाय रोवून उभे राहण्यास मदत करतो. शिवाय छतापासून तळमजल्यापर्यंत पोलादी सळ्या ताणून बसविण्यात आल्या. संपूर्ण बांधकाम एका मोठ्या तंबूखाली झाले, कारण उभारणीच्या काळात फलक भिजले तर ओलावा आत अडकून बुरशी धरण्याचा धोका असतो.

या प्रकल्पात सिमेंटही आहे आणि पोलादही आहे. ही उणीव मानण्याचे कारण नाही. नॉर्वेतील म्योस्टोर्नेट ही २०१९ साली पूर्ण झालेली १८ मजली, ८५.४ मीटर उंच इमारत हेच दाखविते. तिच्या वरच्या मजल्यांच्या जमिनी मुद्दाम काँक्रीटच्या केल्या आहेत. वजन वाढल्याने वाऱ्यातील तिचे डोलणे कमी होते. प्रत्येक साहित्य जेथे सर्वाधिक उपयुक्त तेथे आणि तेवढेच वापरणे, हे अल्प-कार्बन बांधकामाचे खरे सूत्र म्हणता येईल.

अग्नी, ओलावा आणि टिकाऊपणा

लाकूड जळते, ही वस्तुस्थिती कोणतेही तंत्र बदलू शकत नाही. परंतु जाड लाकूड ठरावीक गतीने जळते. पृष्ठभाग कोळसा बनतो आणि तो कोळशाचा थर आतील लाकडाला उष्णतेपासून वाचवितो. यूरोपीय संकेतानुसार सूचिपर्णी लाकूड मिनिटाला सुमारे ०.६५ मिलिमीटर या वेगाने कोळसते असे धरले जाते. म्हणजे एका तासात सुमारे ३९ मिलिमीटर. खांबाची जाडी ठरविताना हा जळणारा भाग अधिकचा धरला, तर तासाभरानंतरही उरलेला गाभा भार वाहू शकतो. पोलाद जळत नाही, मात्र तापल्यावर झपाट्याने मऊ पडते. म्हणून त्यालाही संरक्षण द्यावे लागते.

याचा अर्थ प्रश्न सुटला असा नाही. सीएलटीचे थर ज्या डिंकाने चिकटविलेले असतात तो उष्णतेने सैल झाल्यास कोळशाचा थर गळून पडतो आणि ताजे लाकूड आगीसमोर येते. लंडनमधील ग्रेनफेल टॉवरच्या २०१७ सालच्या दुर्घटनेनंतर इंग्लंडने डिसेंबर २०१८ पासून १८ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील साहित्यास मनाई केली. ग्रेनफेलची इमारत लाकडी नव्हती. तिचे बाह्य आच्छादन ज्वलनशील होते. तरीही नियमाच्या व्याप्तीत सीएलटीच्या बाह्य भिंती आल्या. याउलट अमेरिकेतील २०२१ च्या आंतरराष्ट्रीय बांधकाम संहितेने लाकडाचे पृष्ठभाग अग्निरोधक आच्छादनाने झाकण्याच्या अटीवर १८ मजल्यांपर्यंतच्या लाकडी इमारतींना वाट दिली. एकाच कालखंडातील हे दोन निर्णय लाकडाविषयीच्या सावधगिरीचे दोन मार्ग दाखवितात.

आगीपेक्षाही रोजचा शत्रू ओलावा आहे. स्वीडनमध्येच याचा कटू अनुभव आला. १९९० च्या दशकानंतर तेथे अनेक लाकडी चौकटीच्या घरांना बाहेरून उष्णतारोधक थर लावून त्यावर थेट गिलावा करण्यात आला; मध्ये हवा खेळण्यास फट ठेवली नव्हती. सांध्यांतून झिरपलेले पाणी आतच अडकले आणि लाकडाला बुरशी लागली. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व २०१५ साली न्यायालयाने अशी रचना सदोष ठरविली. या अनुभवाचा कार्बनशी थेट संबंध आहे. पंधरा-वीस वर्षांत ज्या भिंती उखडाव्या लागतात, त्यांतील कार्बनची साठवणूक केवळ कागदावर राहते.

जंगलाचा हिशेब

लाकडी घराचे समर्थन अखेर जंगलाच्या स्थितीवर येऊन ठेपते. स्वीडनने १९०३ च्या वनकायद्याने तोडलेल्या जंगलाच्या जागी पुन्हा जंगल उभे करणे बंधनकारक केले. १९२३ पासून देशातील वनांची पद्धतशीर मोजणी सुरू झाली आणि तेव्हापासून आजपर्यंत उभ्या लाकडाचा साठा जवळजवळ दुप्पट झाला आहे. तोड चालू असूनही साठा वाढला, कारण वाढ तोडीपेक्षा अधिक राहिली. लाकूड हे पुनर्निर्मितीक्षम साहित्य आहे, या विधानाला येथे ठोस आधार मिळतो.

मात्र या चित्राला दुसरी बाजू आहे. साठा वाढला तो बहुतांशी एकसारख्या वयाच्या, एक-दोन जातींच्या जंगलांत. जुन्या नैसर्गिक जंगलांतील शेवाळ, बुरशी, कीटक, पक्षी यांचे आसरे त्यामुळे घटले. १९९३ च्या वनधोरणाने उत्पादन आणि पर्यावरण यांना समान स्थान दिले. प्रत्यक्षात ते किती पाळले जाते, यावर तेथे आजही तीव्र वाद आहे. अशा जंगलाची असुरक्षितताही मोठी असते. जानेवारी २००५ मधील 'गुद्रुन' वादळाने दक्षिण स्वीडनमध्ये, वेक्शोच्या परिसरासह, सुमारे साडेसात कोटी घनमीटर झाडे एका रात्रीत आडवी केली. २०१८ च्या अवर्षणानंतर साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी स्प्रूसचे मोठे नुकसान केले. अलीकडच्या वर्षांत जंगलाच्या वार्षिक वाढीचा वेग मंदावला असून, जंगलांकडून होणारे कार्बनचे निव्वळ शोषणही घटले आहे.

तोडलेल्या झाडापैकी घरात किती जाते, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. करवतीच्या कारखान्यात गेलेल्या ओंडक्याच्या साधारण निम्म्या भागाचेच कापीव लाकूड बनते. उरलेल्याचे ढलपे, भुसा आणि साल होते. बारीक खोडे कागदाच्या लगद्याकडे जातात. फांद्या व मुळे जंगलातच कुजतात किंवा जाळली जातात. म्हणजे एका झाडाने साठविलेल्या कार्बनपैकी थोडाच भाग घराच्या भिंतीत दीर्घकाळ राहतो.

या कारणांमुळे संशोधकांचे अंदाज परस्परांपासून दूर जातात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार, २१०० पर्यंत वाढणाऱ्या नागरी लोकसंख्येपैकी ९० टक्के लोकांना मध्यम उंचीच्या लाकडी इमारतींत घरे दिल्यास १०६ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन टळू शकेल. मात्र त्यासाठी १४.९ कोटी हेक्टरपर्यंत अतिरिक्त वृक्षलागवड करावी लागेल. पुढच्याच वर्षी 'नेचर' नियतकालिकातील एका निबंधाने लाकूडतोडीचे मूल्य जागतिक पातळीवर दरवर्षी ३.५ ते ४.२ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतके पडते असे दाखविले. तोड झाली नसती तर त्या जंगलांनी जो कार्बन साठविला असता, तोही या दुसऱ्या हिशेबात धरला आहे.

पर्यायाच्या लाभाचे आकडेही काळानुसार उतरले आहेत. लाकडातील एक टन कार्बनमागे सरासरी २.१ टन कार्बनचे उत्सर्जन टळते, असे २०१० सालच्या एका संकलित अभ्यासात आढळले होते. यूरोपीय वन संस्थेच्या २०१८ सालच्या संकलनात हा आकडा १.२ इतका आला. यापुढे पोलाद हायड्रोजनच्या साहाय्याने व सिमेंट कमी क्लिंकर वापरून तयार होऊ लागले, तर तुलनेतील लाकडाचा लाभ आणखी कमी होईल. तो नाहीसा होईल असे नाही. परंतु आजचे गुणांक पन्नास वर्षांनंतरच्या हिशेबाला लावणे शास्त्रीय दृष्टीने योग्य ठरणार नाही.

स्वीडनच्या शासनाने याबाबत घेतलेली भूमिका संयमी आहे. १ जानेवारी २०२२ पासून तेथे नव्या इमारतींसाठी हवामान-पत्रक सादर करणे आवश्यक झाले. साहित्याच्या निर्मितीपासून बांधकाम पूर्ण होईपर्यंतचे उत्सर्जन त्यात नोंदवावे लागते. लाकडात साठलेला कार्बन या बेरजेतून वजा करता येत नाही. साठवणुकीचा आधार न घेता, केवळ कमी उत्सर्जनाच्या बळावर लाकडाने आपली योग्यता सिद्ध करावी, असा या व्यवस्थेचा अर्थ होतो.

भारतीय संदर्भ

स्वीडनची बंदी आगीच्या भीतीने आली. भारतातील निर्बंध जंगल संपण्याच्या भीतीने आले. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने लाकडाऐवजी इतर साहित्याच्या वापरास उत्तेजन देण्याचे उद्दिष्ट ठेवले. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ साली आपल्या कामांत लाकडाच्या वापरास मनाई केली आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोडीवर कठोर निर्बंध घातले. त्या काळातील वनस्थिती पाहता हे निर्णय आवश्यकच होते. विभागाची ही मनाई २०२० साली उठविण्यात आली.

महाराष्ट्राला लाकडी सांगाड्याची परंपरा परकी नाही. खांब, तुळई, कडीपाट यांवर उभे असलेले पुण्यातील वाडे आणि 'खणां'त मोजली जाणारी मराठवाड्यातील माळवदाची घरे ही त्याची उदाहरणे होत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात माती-दगडाच्या जाड भिंती कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. परंतु ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांबांनी पेललेला होता, त्यांपैकी अनेक घरांत भिंती पडूनही छत वर राहिले. तथापि लाकडी घर नेहमीच भूकंपात सुरक्षित असते असेही नाही. जपानमधील कोबे येथे १९९५ साली जड कौलांची अनेक जुनी लाकडी घरे कोसळली. दोन्ही ठिकाणी निर्णायक ठरले ते छताचे वजन आणि सांध्यांची मजबुती.

स्वीडनचा नमुना येथे जसाच्या तसा उचलता येणार नाही. तेथील सूचिपर्णी वने, थंड हवामान आणि विरळ लोकवस्ती येथे नाही. येथे मोसमी पाऊस आहे, वाळवी आहे आणि उपलब्ध जमिनीवर अन्नधान्याचा पहिला हक्क आहे. दूरदेशीचे लाकूड आणून घर बांधल्यास वाहतुकीचे उत्सर्जन हिशेबात धरावे लागेल. २०१७ साली भारतीय वन कायद्यातील दुरुस्तीने बांबूला 'वृक्ष' या व्याख्येतून वगळले. त्यामुळे वनक्षेत्राबाहेरील बांबूच्या तोडणीवरील व वाहतुकीवरील अडसर दूर झाला. काही वर्षांतच तोडणीयोग्य होणारा बांबू आणि शेताच्या बांधावरील वृक्षशेती हे स्थानिक पर्याय अधिक वास्तव आहेत. त्यांच्यावरील प्रक्रिया, प्रमाणीकरण आणि चाचणी यांबाबत स्थापत्य, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व अर्थशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन काम करण्यास मोठा वाव आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) लाकडी घराचा कार्बन-लाभ वास्तव आहे, परंतु साठवणूक आणि टळलेले उत्सर्जन हे दोन भाग वेगळे मोजले पाहिजेत.

२) ज्या जंगलात तोडीपेक्षा वाढ अधिक आहे आणि जैवविविधता राखली जाते, तेथील लाकूडच अल्प-कार्बन म्हणता येईल. केवळ नवी रोपे लावणे हा पुरेसा पुरावा नव्हे.

३) स्प्रूसचे झाड तोडणीयोग्य होण्यास स्वीडनमध्ये सुमारे साठ ते शंभर वर्षे लागतात. त्यापासून बांधलेले घर किमान तितका काळ टिकले तरच निसर्गाचे ऋण फिटते. म्हणून ओलावा व आग यांपासून संरक्षण हा पर्यावरणीय विषयही आहे.

४) साहित्याचे नाव पाहून नव्हे, तर कार्यक्षमता पाहून परवानगी देणारे नियम नव्या साहित्याला न्याय देतात. स्वीडनमधील १९९४ चा बदल याचे उत्तम उदाहरण आहे.

५) कमी साहित्यात बांधणे, जुनी इमारत दुरुस्त करून वापरणे आणि स्थानिक साहित्याला प्राधान्य देणे हे उपाय लाकडाच्या निवडीइतकेच महत्त्वाचे आहेत.

सुंडस्वालच्या नागरिकांनी १८८८ नंतर दगडाची निवड केली, ती त्या काळाच्या अनुभवातून. त्यांच्या वंशजांनी लाकूड पुन्हा स्वीकारले, तेही वेगळ्या संकटाच्या जाणिवेतून. प्रत्येक पिढीला आपल्या काळातील धोका ओळखून साहित्य निवडावे लागते. ही निवड परंपरेच्या ओढीने किंवा नव्याच्या आकर्षणाने न करता काटेकोर हिशेबाने करणे, हीच अल्प-कार्बन बांधकामाची पहिली अट आहे.